वेशीवर मार्था

सुमंत अमोलिकने इन्सुलिन घेणं बंद केलंय, हे त्याच्या बहिणीला तो मरायच्या आदल्या दिवशी कळलं. तेही फोनवर. मुलुंडच्या एका हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून त्याची बायको मानसी बोलत होती आणि मध्येच थांबून रडत होती. जया दिंडोशीला राहायची. मिळेल ती रिक्षा धरून, आरेतून पवईमार्गे ती पोचली, तोवर सुमंतच्या घशात नळी घातली होती. त्याच्याशी एक शब्द बोलता आला नाही.

लहान मुलांना होतो तो डायबेटीस त्याला होता, ज्यात इन्सुलिनशिवाय माणूस जगत नाही. आईचा हात थरथरायचा, म्हणून शाळकरी सुमंतला सुई जयाच टोचायची. संत्र्यावर सराव करून शिकली होती. पुढे तो बँकेत लागला, त्याचं लग्न झालं, मुलुंडच्या मराठी चर्चमध्ये दर रविवारी ऑर्गन वाजवू लागला. सुईही स्वतःच घ्यायला लागला. अशी वर्षानुवर्षं गेली. मग चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांतले एक ज्येष्ठ, सहदेव हिवाळे, यांनी आपल्या घरच्या प्रार्थनासभेत त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं, तू बरा झालास, आता सुई घेणं म्हणजे देवावर संशय घेणं.

दोन दिवसांत उलट्या सुरू झाल्या. सभेतली माणसं पलंगाभोवती बसून गाणी म्हणत राहिली. श्वास विचित्र यायला लागला तेव्हा कुठे शेजाऱ्यांनी गाडी काढली.

दफनाच्या उपासनेत सहदेवभाऊ म्हणाले, "प्रभूने आपल्या सुमंतला कायमचं बरं केलं." जया पहिल्या बाकावर होती. तिने मागे वळून पाहिलं. एकाचीही मान खाली गेलेली नव्हती. कोणीतरी 'आमेन' म्हणालं.

त्यानंतर तिने त्या चर्चमध्ये पाऊल टाकलं नाही. देवावरचा विश्वास मात्र गेला नाही, आणि त्याचाच तिला जास्त त्रास व्हायचा. विश्वास उडाला असता तर भांडण मिटलं असतं. आता ती रोज सकाळी प्रार्थनेला बसायची आणि दातओठ खात उठायची.

जया गोरेगावच्या एका शाळेत संगीत शिकवायची आणि व्हायोला वाजवायची. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, अंगाने मोठी, आवाजाने जाड, आणि कोणी फारसं लक्ष न देणारी. तीन-चार तंतुवाद्यांसाठी ती रचना करायची. विलेपार्ल्याच्या एका छोट्या हॉलमध्ये त्या वाजायच्या, ऐकायला पन्नासेक माणसं यायची.

सुमंतला जाऊन वर्ष होत आलं तेव्हा चर्चचे पाळक, रेव्हरंड चंद्रप्रकाश बोर्डे, यांचा फोन आला.

"सलाम, जयाताई. सुमंतच्या आठवणीसाठी उपासना ठेवतोय. ऑर्गन तेव्हापासून झाकूनच ठेवलाय हो. तुम्ही काही रचून द्याल का? तुमची ती चार वाद्यं घेऊन? लाजराच्या गोष्टीवर काहीतरी. सुमंतला फार आवडायची ती. शांत वाटेल असं."

"शांत," जया म्हणाली.

"म्हणजे, लोकांना दिलासा वाटेल असं."

"देते."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण निव्वळ रागापोटी हो म्हटलंय.

लाजराची गोष्ट तिला लहानपणापासून पाठ होती. बेथानी गावचा लाजर आजारी पडतो. त्याच्या बहिणी, मार्था आणि मरीया, येशूला निरोप धाडतात. येशू लगेच निघत नाही. तो पोचतो तोवर लाजराला पुरून चार दिवस झालेले असतात. मग येशू कबरेपाशी उभा राहून हाक मारतो आणि मेलेला लाजर चालत बाहेर येतो. संडे स्कूलमध्ये सगळा भर ह्या शेवटावर असायचा. या वेळी वाचताना मात्र जया त्या शेवटाच्या अलीकडेच अडकली. येशू आल्याचं कळतं तेव्हा मरीया घरात बसून राहते. मार्था उठते, चालत जाऊन त्याला गावाबाहेर गाठते आणि तोंडावर सांगते, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता.

संडे स्कूलची मार्था म्हणजे स्वयंपाकघरात कुरकुर करणारी बाई. मरीयेसारखं शांत बसावं, मार्थेसारखं कटकट करू नये, हे जयाला लहानपणी इतक्यांदा ऐकवलं होतं की मार्थेचं नाव निघालं की तिला स्वतःचीच लाज वाटायची. देवाला वेशीवर अडवून जाब विचारणारी तीच बाई, हे कोणी सांगितलं नव्हतं. का सांगितलं नव्हतं, याचाही आता तिला राग आला.

शाळेच्या सुट्टीत तिने बारा-तेरा मिनिटांची रचना लिहून काढली आणि पार्ल्याला विद्याधर पाटणकरांच्या घरी तालीम ठेवली. विद्याधरकाका निवृत्त आर्किटेक्ट, चेलो वाजवायचे, म्हणजे व्हायोलाहूनही मोठं, गुडघ्यांत धरून वाजवायचं वाद्य. व्हायोलिनवर मिहिर आणि गार्गी हे नवराबायको होते. तिघांचाही चर्चशी काही संबंध नव्हता. जयाने त्यांना गोष्ट सांगितली, सुमंतचंही सांगितलं, आणि कागद वाटले.

पहिल्या सुरापासून चारही वाद्यं तुटून पडत होती. गज तारांवर आदळत होते, सूर एकमेकांना ओरबाडत होते. संपल्यावर गार्गी खांदा चोळत बसली.

"जोरदार आहे," मिहिर म्हणाला. "पण हाताची वाट लागली यार."

विद्याधरकाका चष्मा पुसत होते. "जया, तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत ओरडतेयस. थोड्या वेळाने माझे कान बंद झाले."

"मार्था चिडलीय, काका."

"ते कळलं. पण ती काय म्हणतेय ते नाही कळलं. तू गोष्ट सांगितलीस त्यात ती एक वाक्य बोलते. इथे वाक्य कुठाय? नुसता आवाज आहे."

"तुमचा भाऊ गेला नाहीये, काका."

"नाही गेला. म्हणून तर मला ऐकू येतंय. बस, चहा घे."

जयाने चहा घेतला नाही. कागद पिशवीत कोंबून ती निघाली. म्हातारा शहाणपणा शिकवतोय असं स्टेशनपर्यंत चालताना ती स्वतःशी म्हणत राहिली, आणि प्रत्येक वेळी तिला पुन्हा कळत होतं की तो म्हणाला ते खरं आहे.

रविवारी ती मुलुंडला मानसीकडे गेली. सुमंत ऑर्गनवर जी भजनं वाजवायचा त्यांची पुस्तकं तिला हवी होती. मानसी ओट्यापाशी उभी राहून बांगडे साफ करत होती. तिने हात न धुता मानेनेच कपाट दाखवलं. जयाने पाणी प्यायला फ्रिज उघडला. दारातल्या ज्या कप्प्यात इन्सुलिनची पेनं असायची, तिथे आता सोड्याच्या बाटल्या होत्या. ते पाहून ती एकदम भडकली.

"त्या सहदेवने मारलं त्याला. आणि वर सगळ्यांसमोर उभा राहून आमेन म्हणवून घेतलं. मी त्याच चर्चमध्ये, त्याच्या तोंडावर वाजवणार आहे, मानसी. त्याला पळायला जागा ठेवणार नाही."

मानसी सुरी खाली न ठेवता म्हणाली, "सहदेवभाऊंनी सांगितलं. पण बंद सुमंतने केलं, ताई."

"त्याच्या डोक्यात भरवलं म्हणून केलं."

"तुम्हाला तो अजून लहानच वाटतो. पंचेचाळीस वर्षांचा माणूस होता. कंटाळला होता तो. रोज टोचा, रोज मोजा, रोज घाबरा. पाय बधिर व्हायला लागले होते, ते त्याने तुम्हाला सांगितलं नव्हतं. सहदेवभाऊंनी हात ठेवला त्या दिवशी घरी येऊन तो सणासारखा जेवला. आमरस खाल्ला. मी त्याला इतका खूश कधी पाहिला नव्हता."

"आणि तू गप्प बसलीस."

"नाही बसले. मी म्हटलं, ताईंना विचारू या. तो म्हणाला, नको, ती ओरडेल."

जयाने फ्रिजचं दार लावलं. ओरडायचंच तिच्या ओठांवर आलं होतं, आणि आता तेच करता येईना.

"ओरडलेच असते," ती शेवटी म्हणाली. "आणि तो जगला असता."

"हो." मानसीने नळ सोडला. "मला रोज तेच वाटतं. तुमचा राग येतो, माझा येतो, आणि त्याचा सगळ्यात जास्त येतो. तुम्ही सहदेवभाऊंना शिव्या घालून मोकळ्या होता. मी काय करू? त्याच्या फोटोशी भांडू?"

जया पुस्तकं न घेताच निघाली. परतीची बस आरेतून जात होती. खिडकीबाहेर गोठे मागे पडत होते, गवताचे भारे घेऊन बायका रस्त्याच्या कडेने चालल्या होत्या. सगळा रस्ता ती सुमंतवर चिडून होती. मूर्खा, तिला म्हणायचं होतं, मी ओरडेन म्हणून मेलास? वर्षभर ती सहदेवला, चर्चला, देवाला बोल लावत होती. भावाला एकदाही नाही. मेलेल्याला कसं बोलायचं, म्हणून ती त्याला टाळून बाकी सगळ्यांवर आवाज चढवत होती. मार्थेचं वाक्य आता तिला निराळं ऐकू आलं. ते अगदी साधं होतं. त्यात आवाज चढवायची गरजच नव्हती.

घरी येऊन तिने आधीची सगळी रचना फाडून टाकली.

नव्या रचनेत दोन व्हायोलिन आणि चेलो मिळून गोड, संथ सूर धरतात. मयताच्या घरी लोक जसं समजुतीचं बोलतात तसे. सुमंतची ऑर्गन वाजवायची पद्धत तिने त्यात उतरवली. प्रत्येक ओळीच्या शेवटी तो किंचित रेंगाळायचा, तशीच ती तिघं रेंगाळतात. मग व्हायोला एक छोटं वाक्य म्हणते, खालच्या पट्टीत, सूर जराही न हलवता. त्यातला शेवटचा सूर बाकीच्यांच्या मेळात बसत नाही. तिघं उत्तर देतात, पहिल्यापेक्षा गोड. व्हायोला पुन्हा तेच वाक्य म्हणते. उत्तरं लांबत जातात, अधिकाधिक सुंदर होत जातात. व्हायोलाचं वाक्य बदलत नाही, चढत नाही, उतरत नाही. शेवटी तिघांचं बोलणं संपतं. व्हायोला आणखी एकदा तेच म्हणते आणि कोणी उत्तर देत नाही.

पार्ल्याला पुन्हा तालीम झाली. वाजवून झाल्यावर गार्गीने व्हायोलिन मांडीवर ठेवलं.

"मला त्या तिघांचा संताप येतोय," गार्गी म्हणाली. "आणि त्या तिघांत मी आहे."

विद्याधरकाकांनी फक्त मान डोलावली. त्या दिवशी जया चहाला थांबली.

उपासनेच्या आधीच्या शनिवारी मुलुंडला चर्चमध्येच तालीम होती. बोर्डे पाळक ऐकायला आले, त्यांच्याबरोबर सहदेवभाऊ होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात वादकांसाठी केळी. जयाला त्यांचा हा चांगुलपणाच सहन होत नसे. मानसी मागे बाकांवर भजनांची पुस्तकं मांडत होती.

वाजवून झाल्यावर सहदेवभाऊंनी डोळे पुसले. "सुंदर. फार सुंदर. पण जया, लाजर कुठे उठतो यात?"

"उठत नाही."

"शास्त्रात उठतो."

"शास्त्रात उठतो, सहदेवभाऊ. मुलुंडला उठला नाही."

बोर्डे पाळक घाईने मध्ये पडले. "शेवटी एखादी आशेची ओळ घातली तर, जयाताई? लोक घरी काय घेऊन जातील?"

"मार्था बोलली तेव्हा लाजर कबरेतच होता. मी तिथपर्यंत लिहिलंय. पुढचं काम ज्याचं आहे त्याने करावं. मी त्याच्या वतीने करणार नाही."

सहदेवभाऊ जवळ आले. "तुझ्या मनात कडवटपणा राहिलाय, पोरी. ये, मी प्रार्थना करतो." त्यांनी तिच्या डोक्याकडे हात नेला.

जयाने तो हात मनगटाला धरून हवेतच थांबवला. मिहिर खुर्चीवरून उठला.

"मला हात लावायचा नाही," जया म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता.

"माझंही प्रेम होतं गं त्याच्यावर."

"माहीत आहे. म्हणून तर त्याने तुमचं ऐकलं."

तिने हात सोडला. सहदेवभाऊ मनगट चोळत उभे राहिले. बोर्डे पाळक म्हणाले, रचना आहे तशी वाजू द्या, पण नंतरची प्रार्थना सहदेवभाऊच करतील, उपासनेची पत्रिका छापून वाटलेली आहे.

"मग मी वाजवत नाही," जया म्हणाली.

मागून मानसीचा आवाज आला. "ताई, तुम्ही वाजवा. पत्रिका आहे तशी राहू दे."

जयाने तिच्याकडे रोखून पाहिलं. ही बाई अजूनही त्यांचंच ऐकतेय, असं वाटून तिचं डोकं फिरलं. पण सुमंतच्या नावाची उपासना होती आणि मानसी त्याची बायको होती. उद्या किती वाजता यायचं, एवढंच जयाने विचारलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चर्च भरलं होतं. चौघं वेदीच्या डाव्या बाजूला, झाकलेल्या ऑर्गनशेजारी बसले. सुरुवातीचे गोड सूर ऐकून पुढच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या बायकांनी डोळे मिटले. व्हायोलाचं वाक्य आलं तेव्हा कोणाला फारसं जाणवलं नाही. तिसऱ्या-चौथ्यांदा आलं तेव्हा माणसं चुळबुळायला लागली. पुढे ते पुन्हा पुन्हा येत राहिलं, तेव्हा मिटलेले डोळे उघडले. जया वाजवताना कोणाकडेच पाहत नव्हती. तिला फक्त सुमंत दिसत होता, आमरसाची वाटी चाटूनपुसून खाणारा, आणि तिला त्याला गदागदा हलवावंसं वाटत होतं. शेवटचं वाक्य झालं. कोणी उत्तर दिलं नाही. तिने गज खाली घेतला.

चर्चमध्ये टाळ्या वाजवत नाहीत. सहदेवभाऊ उठले, पुढे आले आणि डोळे मिटून त्यांनी दोन्ही हात वर केले.

"प्रार्थनेआधी मला साक्ष द्यायचीय," मानसी म्हणाली. ती उठून मधल्या वाटेने पुढे येत होती. देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते मंडळीसमोर सांगणं म्हणजे साक्ष. ती द्यायला उठलेल्या माणसाला तिथे कोणी अडवत नाही.

ती माइकपाशी गेली नाही. होती तिथूनच बोलली.

"वर्षभर मी सांगत आले की सुमंतला देवाने नेलं. ते खोटं आहे. सुमंतने इन्सुलिन बंद केलं म्हणून तो मेला. त्याला बंद कर म्हणून सांगितलं, त्याने ऐकलं, आणि मी डॉक्टरला फोन केला नाही. तो उलट्या करत होता तेव्हा आपण गाणी म्हणत होतो. त्याने माझ्याकडे पाणी मागितलं. मी म्हटलं, थांब, हे कडवं होऊ दे." ती थांबली. "देव बरं करत नाही असं मी म्हणत नाही. औषध बंद करायला देव आला नव्हता. माणूस आला होता."

तिने कोणाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती, तो माणूस हात वर करून समोरच उभा होता.

जयाला मोकळं वाटलं नाही. आपण इतके दिवस राबून जे सांगितलं ते हिने चार वाक्यांत सांगितलं, याचा तिला राग आला. हे सांगायला हिला वर्ष का लागलं, याचाही आला. 

सहदेवभाऊंचे हात हळूहळू खाली आले. "प्रभू," ते म्हणाले, "आम्हाला क्षमा कर."

"'आम्हाला' कशाला?" जया बसल्या जागेवरून म्हणाली. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. "'मला क्षमा कर' म्हणा."

सगळं चर्च त्यांच्याकडे पाहत होतं. त्यांना ते म्हणता आलं नाही. मग ते बाजूच्या दाराने बाहेर गेले, आणि त्यांच्यामागून त्यांच्या सभेतली काही माणसं उठून गेली. बोर्डे पाळकांनी भजनाचा क्रमांक सांगितला. ऑर्गन वाजवायला कोणी नव्हतं, सूर कोणी धरेना. विद्याधरकाकांनी, ज्यांना ते भजन ठाऊकही नव्हतं, चेलोवर एक सूर लावून दिला आणि लोक चाचपडत गायला लागले.

नंतर चहाच्या वेळी जया आणि मानसीशी फारसं कोणी बोललं नाही. पुढच्या रविवारी बोर्डे पाळकांनी उपदेशानंतर सांगितलं की प्रार्थनेच्या नावाखाली कोणीही औषध बंद करू नये. पुटपुटत सांगितलं, खाली बघत सांगितलं, पण सांगितलं.

सहदेवभाऊंनी चर्च सोडलं. भांडुपला एका इमारतीच्या तळमजल्यावर त्यांनी स्वतःच्या सभा सुरू केल्या. गर्दी होते म्हणे, असं मानसीच्या कानावर आलं. ते तिने जयाला फोन करून सांगितलं.

"सभेत साक्ष द्यायची वेळ ठेवतात का?" जयाने विचारलं.

"ठेवतात."

त्या गेल्या. मागच्या खुर्च्यांवर बसल्या. साक्षीची वेळ आली तेव्हा मानसी उठली आणि पाण्यापर्यंत सगळं सांगितलं. अर्ध्यावर कोणीतरी माइक बंद केला, तेव्हा ती माइकशिवाय बोलली. पुढच्या महिन्यात पुन्हा गेल्या. सहदेवभाऊ त्यांना हाकलून देत नाहीत. ते नुसते भिंतीकडे बघत उभे राहतात, आणि त्यांचं ते उभं राहणं पाहून जयाला दर वेळी नव्याने चीड येते.

परवा जया शाळेतून दमून थेट मुलुंडला आली होती. "आज नको गं," ती म्हणाली. "पाय दुखतायत. आणि ऐकतंय कोण?"

मानसी चपला घालत होती. "तुम्ही पडा मग. डाळभात झाकून ठेवलाय. मी जाऊन येते."

जयाने तिच्याकडे रागाने पाहिलं आणि पर्स उचलली.